वसईचें ओसाड नगर आणि तेथील थडगीं

मुंबईहून पश्चिम रेल्वेनें निघालेला प्रवासी वसई रोड स्थानकावर उतरतो, तेथून जुन्या गांवाकडे वळतो, आणि वाड्यांमधून जाणारा रस्ता संपत आला म्हणजे त्याला खाडीच्या बाजूस काळ्या तटाची रेघ दिसूं लागते. वसईचा हा किल्ला मराठी माणसाला परका नाहीं. शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकांत त्यानें तो लहानपणींच एकदां जिंकलेला असतो. चिमाजी आप्पांचें नांव, सुरुंगांनीं उडविलेला बुरूज आणि तटावर चढलेलें निशाण हें सारें मनांत घेऊनच तो दरवाजांतून आंत पाऊल टाकतो. मग त्याची दृष्टि साहजिकच वर जाते. वर पाहण्यासारखें पुष्कळ आहे : सेंट जोसेफच्या चर्चचा उंच मनोरा, छप्पर गेलेल्या भिंती, आणि आभाळाखालीं एकट्याच उभ्या राहिलेल्या कमानी. खालीं पाहणारा मात्र विरळा. आजच्या भाषणाचा विषय आहे तो या खालच्या जमिनीचा, आणि तिच्यांत बसविलेल्या शिळांचा.

‘किल्ला’ हा शब्द येथें थोडा फसवा आहे. शिबंदी ठेवण्याकरितां बांधलेली ही नुसती गढी नव्हती. तटाच्या आंत एक संपूर्ण शहर होतें. रस्ते होते, इस्पितळ होतें, न्यायकचेरी होती, जेसुइटांचें विद्यालय होतें, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व ऑगस्टिनियन संन्याशांचे मठ होते, आणि ‘फिदाल्गो’ म्हणविणाऱ्या पोर्तुगीज सरदारांचे वाडे होते. गुजराथचा सुलतान बहादूरशहा हा हुमायूनच्या भयानें अडचणींत सांपडला असतां त्यानें १५३४ च्या डिसेंबरांत वसई व तिच्या खालचा मुलूख पोर्तुगीजांस लिहून दिला. तेव्हांपासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशें वर्षांहून थोडा अधिक काळ, हें शहर नांदलें. दमणपासून चौलपर्यंतच्या ‘उत्तर प्रांता’चा कारभार येथून चाले. येथल्या दगडालाहि मोठा मान होता. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूस या चर्चच्या दर्शनी भागावर जें काळ्या दगडाचें कोरीव काम दिसतें, त्याकरितां वसईचा दगड समुद्रमार्गानें नेण्यांत आला होता; तें चर्च १६०५ सालीं पुरें झालें. असें हें भरलेलें शहर पुढें ओस पडलें, आणि पुन्हां तें पहिल्यासारखें कधींच नांदलें नाहीं.

दोनशें वर्षें नांदलेल्या शहरांत पिढ्यामागून पिढ्या मेल्या असणारच. मग त्यांतील प्रतिष्ठितांचीं थडगीं कोठें आहेत? तटाबाहेर झाडांच्या सावलींत एखादें कुंपण घातलेलें दफनस्थान असेल अशा समजुतीनें कोणी शोध करूं लागला तर त्याचा श्रम फुकट जाईल. त्या काळच्या कॅथोलिक युरोपांत, विशेषतः श्रीमंतांची व धर्मगुरूंची, अशी रीति होती कीं, मृताला चर्चच्या आंत जमिनीखालीं पुरावयाचें आणि वर दगडी शिळा बसवावयाची. जी शिळा तीच फरशी. वेदीच्या जितकें जवळ, तितकें स्थान मोलाचें. प्रार्थनेला येणारा प्रत्येक जण त्या शिळेवरून चालत जाई, आणि यांत मृताचा अपमान आहे असें कोणालाच वाटत नसे. उलट, पायांखालीं नांव दिसलें म्हणजे चालणाऱ्याला त्या जीवाची आठवण होईल व तो त्याच्यासाठीं दोन शब्द प्रार्थनेचे म्हणेल, हीच त्या मागची अपेक्षा होती. कित्येक शिळांवर तशी विनंतीहि कोरलेली असे. ही चाल इतकी चिवट होती कीं, खुद्द पोर्तुगालांत चर्चच्या आंत पुरण्यावर कायद्यानें बंदी आली ती १८३५ सालीं. तोंपर्यंत वसईचीं चर्चें उजाड होऊन शतक होत आलें होतें.

सुरतेचीं इंग्रज व डच लोकांचीं जुनीं थडगीं ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांच्या ध्यानांत हा फरक चटकन् येईल. तेथें घुमट आहेत, मनोरे आहेत. १६९१ सालीं वारलेला डच अधिकारी व्हान रीड, ज्यानें मलबारच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ सिद्ध करविला, त्याचें थडगें तर एखाद्या नबाबाच्या मकबऱ्याची आठवण करून देतें. सुरतेचे परदेशी व्यापारी दुसऱ्याच्या राज्यांत मेले. म्हणून मरणानंतर तरी आपण डोळ्यांत भरावें असें त्यांना वाटलें असावें. वसईचे पोर्तुगीज स्वतःच्या राज्यांत मेले. त्यांना उंच होण्याची गरज वाटली नाहीं. आपल्या चर्चचें छप्पर डोक्यावर कायम राहणार, आपल्या भाषेंत प्रार्थना चालू राहणार आणि आपलींच मुलेंबाळें आपल्यावरून चालत जाणार, या भरंवशावर तीं माणसें जमिनीसपाट निजलीं.

या शिळा लांबट आहेत, येथल्याच काळ्या दगडाच्या. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्यें त्या विशेष दाट आहेत. मुख्य दालनांत आणि बाजूच्या उपमंदिरांतहि पाऊल टाकावें तेथें कोणाचें ना कोणाचें नांव. कांहींच्या माथ्यावर घराण्याचें चिन्ह असलेली ढाल कोरलेली आहे, आणि खालीं रोमन लिपींतील ठसठशीत अक्षरांत पोर्तुगीज मजकूर आहे. अक्षरें दाटीवाटीनें बसविलेलीं असतात. जागा वांचविण्याकरितां एका अक्षराच्या कुशींत दुसरें घातलेलें असतें, शब्द मध्येंच तोडलेले असतात. वाचण्यास तें कठीण जातें, पण एकदां सवय झाली म्हणजे दगड बोलूं लागतात.

ते काय बोलतात? फार थोडें, परंतु नेमकें. सेंट जोसेफचें चर्च हें शहराचें मुख्य चर्च. तेथील पेद्रो गाल्व्हांव या धर्मगुरूची शिळा सांगते कीं, त्यानें हें चर्च वाढविलें, तो १६१८ च्या मार्चमध्यें वारला, आणि वाचणाऱ्यानें त्याच्या आत्म्यासाठीं प्रार्थना करावी. सतरा वर्षांपूर्वीं, १६०१ सालीं, वाढविलेल्या त्याच इमारतींत तो निजला. ज्यानें घर बांधलें त्याला घरांतच जागा मिळाली. जेसुइटांच्या चर्चमध्यें दुसरी एक शिळा होती ती इझाबेल द आगियार या विधवेची. ती १५९१ सालीं मरण पावली, आणि शेजारच्या विद्यालयाची ती उदार साहाय्यकर्ती होती असें शिळेवर लिहिलें होतें. या बाईविषयीं अधिक काय ठाऊक आहे? सरदारांची व सेनापतींची नांवें बखरींत व कागदपत्रांत येतात. परंतु परक्या किनाऱ्यावर नवऱ्यामागें राहिलेली एक बाई, तिनें आपला पैसा मुलांच्या शिक्षणाकडे लावला, एवढी गोष्ट राहिली ती त्या दगडामुळें.

अशा पोर्तुगीज थडग्यांवर एक वाक्य वारंवार येतें. ‘ही कबर अमक्याची व त्याच्या वारसांची.’ त्याचा अर्थ अगदीं व्यवहारी होता. जागा चर्चकडून मिळविलेली असे, आणि तीच कबर उघडून पुढें मुलाला, सुनेला, नातवाला तेथेंच ठेवावयाचें असे. मालमत्तेच्या दस्तऐवजांत जसे ‘वंशपरंपरा’ असे शब्द पडतात, तसाच हा मृत्यूचा दस्तऐवज. कोरणाऱ्यानें आणि कोरविणाऱ्यानें तो लिहितांना कसलीहि शंका मनांत आणली नाहीं. वसईच्या सगळ्या पडझडींत कमानी, मनोरे, वेली यांनीं मन जेवढें हलत नाहीं तेवढें या साध्या कायदेशीर शब्दांनीं हलतें. कारण ते वारस आले नाहींत.

शहराचा ऱ्हास कांहीं एका दिवसांत झाला नाहीं. १६७४ सालीं मस्कतच्या अरबांनीं वसईवर उतरून चर्चें लुटलीं, आणि तटांतील शिबंदी त्यांना अडवूं शकली नाहीं. पुढें प्लेगाची सांथ आली. १६९५ सालीं जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी येथें आला, तेव्हां शहराचा एक मोठा भाग त्या रोगानें निर्मनुष्य झाल्याचें त्यानें लिहून ठेवलें. म्हणजे मराठ्यांच्या तोफा येण्यापूर्वींच कांहीं गल्ल्या ओस पडल्या होत्या. १७३७ सालीं ठाण्याचा कोट गेला, आणि १७३९ च्या आरंभीं चिमाजी आप्पांनीं वसईभोंवतीं वेढा आवळला. मे महिन्यांत सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडलें, आणि मोठ्या हानीनंतर पोर्तुगीजांनीं तह मागितला.

त्या तहाच्या अटी विजेत्याच्या थोरवीस शोभणाऱ्या होत्या. शिबंदीनें हत्यारांसह, नगारे वाजवीत, निशाणें फडकवीत बाहेर पडावें. कुटुंबें व मालमत्ता घेऊन ज्यांना जावयाचें त्यांनीं सुखरूप जावें. जे मागें राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक असावी. अशा प्रकारें जिवंत माणसांची सगळी व्यवस्था झाली. माणसें गलबतांत चढलीं, त्यांच्याबरोबर सामानसुमान चढलें. पण फरशीखालीं निजलेल्यांना कोण कसें नेणार? कोणत्याहि तहांत त्यांच्याकरितां कलम घालण्याची सोय नसते. मुलांनीं आईबापांच्या शिळांवर शेवटचें पाऊल ठेवलें असेल आणि तीं सागरी दरवाजाकडे वळलीं असतील. एवढेंच.

येथें दुसऱ्या बाजूचाहि विचार केला पाहिजे, नाहीं तर तें एकांगी होईल. या वेढ्यांत मराठ्यांचीं पांच हजारांवर माणसें मेलीं वा जखमी झालीं असा आंकडा ग्रँट डफनें दिला आहे; पोर्तुगीजांचा आंकडा त्यानें आठशें सांगितला आहे. मेलेल्या मराठ्यांच्या चिता त्याच खाडीच्या कांठीं पेटल्या असतील. चितेची राख शिळा मागत नाहीं. त्यामुळें ज्यांनीं शहर वसविलें त्यांचीं नांवें दगडावर राहिलीं, आणि ज्यांनीं तें जिंकतांना प्राण दिले त्यांतील साध्या शिपायांचीं नांवें वाऱ्यावर गेलीं. स्वतः चिमाजी आप्पाहि या विजयानंतर दीड वर्षाच्या आंतबाहेर, १७४० च्या डिसेंबरांत, वारले. मृत्यूच्या हिशेबांत वसईनें दोन्ही पक्षांना जवळ जवळ सारखेंच वागविलें.

विजयानंतर चर्चमधल्या घंटा उतरविण्यांत आल्या आणि त्या हत्तीघोड्यांप्रमाणें विजयचिन्हें म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील प्रचंड घंटा, मेणवलीची घंटा, भीमाशंकरची घंटा या त्या मोहिमेशीं जोडल्या जातात, आणि या घंटांना आजहि भाविकांचा हात लागतो. धातूला नवें घर मिळालें. ज्या नादानें एके काळीं वसईकरांना प्रार्थनेस बोलाविलें त्याच जातीच्या नादानें तो नाशिकच्या यात्रेकरूस देवापुढें उभा करूं लागला. शिळांना मात्र असें स्थलांतर नव्हतें. त्यांच्यावर कोरलेलीं नांवें दुसऱ्या कोणाच्या कामाचीं नव्हतीं. घंटा गेल्या, तुळया गेल्या, दारें गेलीं. शिळा जेथल्या तेथें राहिल्या.

मराठी अमलांत शहराला बाजीपूर असें नांव मिळालें, आंत देवळें उभीं राहिलीं, नवी वस्ती आणण्याचे प्रयत्नहि झाले. पण जुनें शहर पुन्हां भरलें नाहीं. १७८० सालीं इंग्रज सेनापति गॉडर्ड यानें वसई घेतली, सालबाईच्या तहानें ती परत आली, आणि १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानें येथेंच तो तह केला ज्याचें नांव निघालें कीं मराठी मन अजून खिन्न होतें. १८२५ सालीं बिशप हेबर येथें आला, तेव्हां तटाच्या आंत थोडासा पहारा होता, बाकी नगर निर्मनुष्य होतें. ज्या फरशीवरून माणसांनीं चालत जावें म्हणून नांवें कोरलीं, तिच्यावर आतां गवत उगवलें होतें.

यानंतर पन्नास वर्षांनीं त्या शिळांना एक वाचक मिळाला. मूळचे गोव्याचे आणि मुंबईंत वैद्यकी करणारे डॉक्टर जर्सन द कुन्हा यांनीं वसईच्या अवशेषांचा अभ्यास केला, शिळालेख वाचले, त्यांचे अर्थ लावले, आणि १८७६ सालीं चौल व वसई यांच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथांत ते छापले. पुढें ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत ही माहिती पुन्हां आली. इझाबेल आगियारचें नांव आज ज्याला ठाऊक आहे त्याला तें बहुधा या मार्गानेंच ठाऊक झालेलें असतें. दगडानें जपलें तें दगडावर फार काळ टिकणार नाहीं, हें ओळखून एका माणसानें तें कागदावर उतरलें. रक्ताचा वारस नसला तरी वाचणारा वारस भेटूं शकतो, याचें हें उदाहरण होय.

ही चिंता उगीच नव्हती. काळा दगड कठीण खरा, पण या शिळा घराच्या आंतली फरशी म्हणून घडविल्या होत्या. डोक्यावर सागवानी तुळया व कौलें असतील हें गृहीत धरूनच कोरणाऱ्यानें अक्षरांची खोली ठरविली. छप्पर गेल्यावर कोंकणच्या पावसांत त्या उघड्या पडल्या. सांध्यांतला चुना धुपतो, त्यांत वडापिंपळाचें बीं पडतें, मुळें शिळेला उचलतात, ती कलते. मग कोरलेल्या रेघांत पाणी सांचतें, शेवाळ धरतें, आणि खारा वारा त्यांत भर घालतो. निसर्गाच्या या कामाला माणसाचाहि हातभार लागतो. किल्ला भारतीय पुरातत्त्व विभागाच्या रक्षणाखालीं आहे. तरीहि सहलीला आलेला एखादा तरुण खिशांतील खिळ्यानें आपलें व आपल्या मैत्रिणीचें नांव भिंतीवर कोरल्यावांचून परत जात नाहीं. चारशें वर्षांपूर्वींच्या माणसानें मरणानंतर आपलें नांव राहावें म्हणून जी इच्छा धरली, तीच इच्छा हा तरुण जिवंतपणींच उरकून घेतो. इच्छेंत दोष नाहीं. पण त्याकरितां दुसऱ्याच्या नांवावर ओरखडा येतां कामा नये, एवढें समजावयास हवें.

वसईला जाणाऱ्यानें काय करावें? फार कांहीं नाहीं. दुपारच्या उन्हांत हीं अक्षरें डोळ्यांस दिसतच नाहींत. सकाळीं किंवा सायंकाळीं तिरपें ऊन पडलें म्हणजे प्रत्येक रेघेची सावली पडते आणि पुसट झालेला मजकूर उठून येतो. अशा वेळीं जावें. अक्षरांत खडू वा तेल भरूं नये, काठीनें खरवडूं नये. छायाचित्र घ्यावें; आजचें तें टिपण उद्यां कदाचित् एकुलतें एक ठरेल. फरशीवरून चालण्यास हरकत नाहीं, कारण त्यासाठींच ती आहे. पण पायांखालीं पाहून चालावें.

आणि हें शहर पूर्णपणें निर्वंश झालें असें समजण्याचें कारण नाहीं. तटाबाहेरच्या वाड्यांतून व कोळीवाड्यांतून जी ख्रिस्ती प्रजा होती ती गलबतांत चढली नाहीं. ती आपल्या भूमीवरच राहिली. तिची भाषा मराठी, तिचीं घरें वसईच्याच मातीचीं, आणि तिच्यांतून मराठी साहित्याला लेखकहि लाभले. वसईंत जन्मलेला आणि १५९७ सालीं जपानांत नागासाकीला क्रुसावर मारला गेलेला गोन्सालो गार्सिया, ज्याला १८६२ सालीं संतपद मिळालें, त्याचें थडगें या शहरांत नाहीं. पण त्याच्या नांवानें या पडक्या नगरांत आजहि माणसें प्रार्थनेस जमतात. त्या दिवशीं जुन्या फरशीवर पुन्हां पावलें वाजतात. शिळांखालच्या लोकांनीं ज्या पावलांची वाट पाहिली तीं हीं नव्हेत. तीं त्यांच्या सरदार घराण्यांचीं नाहींत, त्यांच्या भाषेचींहि नाहींत. तरी कोणी तरी वरून चालत जावें, नांव वाचावें आणि क्षणभर थांबावें, एवढेंच त्यांनीं मागितलें होतें. तें देणें वसईला जाणाऱ्या कोणाच्याहि हातचें आहे.